पानिपतावर न गेलेला माणूस

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. ऐकताना निसटलेली वर्षं आणि आकडे इथे नीट पाहता येतील.)



आज एका फ्लेक्सपासून सुरुवात करते. २०१८ सालच्या जत्रेत माझ्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. गावच्या वेशीवर लावलेला फ्लेक्स. एका बाजूला ग्रामदैवत, दुसऱ्या बाजूला गॉगल लावलेले आठ-दहा तरुण, आणि मधोमध भल्यामोठ्या भगव्या अक्षरांत: ‘पानिपतवीरांचे वंशज आपले सहर्ष स्वागत करीत आहेत.’ खाली पाठवणाऱ्या मुलाचा मेसेज: ‘मॅडम, तुमच्यामुळे.’

मी हात जोडलेला इमोजी पाठवला. खोटं कशाला बोलू, छान वाटलं होतं मला. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान असल्या विषयांत काम करणाऱ्या माणसाच्या संशोधनाचा कधी फ्लेक्स लागतो का?

अडचण एवढीच होती की त्या घरातलं कुणी पानिपतावर गेल्याचा पुरावा नव्हता. त्या घराला पानिपतावर मीच पाठवलं होतं, एका छापील पेपरमधून. आणि हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

आजचा विषय आहे मानव्यविद्यांमधलं लिहिणं आणि छापणं. तुमच्यातले बरेच जण एमए करताय, नेटची तयारी करताय, कुणी पीएचडीला नाव नोंदवलंय. ‘पेपर कुठे छापू?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. त्याचं उत्तर मी माझ्या चुकीतूनच देऊ शकते, म्हणून ती चूक आज सविस्तर सांगते.

मी इतिहास शिकवते. तेव्हा तालुक्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. पीएचडीचा विषय होता अठराव्या शतकातले गावपातळीवरचे तंटे. त्यासाठी मोडी कागद हवेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात ते आहेतच, पण काही अजूनही लोकांच्या घरात असतात. माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, फडक्यात बांधलेले. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात.

असा एक रुमाल मला तात्यांच्या घरी बघायला मिळाला. तात्या म्हणजे त्या घरातले ज्येष्ठ, तेव्हा सत्तरीचे. त्यांनी कागद नेऊ दिले नाहीत. म्हणाले, “इथं बसून काय फोटो काढायचे ते काढा. पण यात काय लिवलंय ते आम्हाला येऊन सांगायचं. आजवर तिघं येऊन गेले. सांगायला कुणी परत आलं नाही.”

मी शब्द दिला.

त्या रुमालात एक महजर होता. महजर म्हणजे निवाड्याचा कागद. गावात तंटा झाला की गोतसभा बसायची, दोन्ही बाजू ऐकायची, निवाडा करायची आणि तो साक्षीदारांसमोर लिहून ठेवायची. खाली सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. ज्याला लिहिता येत नाही तोही आपल्या धंद्याच्या हत्याराने ‘मी इथे होतो, मी हे ऐकलं’ असं सांगून जायचा.

तंटा होता विहिरीचा. दोन भाऊ. त्यातला एक स्वारीत गेला आणि ‘कामास आला’, म्हणजे लढाईत मेला. त्याची बायको गोतसभेपुढे उभी राहिली आणि म्हणाली की विहिरीत माझ्या नवऱ्याचा निम्मा वाटा होता, तो माझ्या मुलाला मिळालाच पाहिजे. दिराचं म्हणणं, विहीर मी बांधली. गोतसभेने बाईच्या बाजूने कौल दिला. आठ दिवसांतले चार दिवस मोट तिची. तात्यांचं घराणं या बाईच्या मुलाकडून येतं.

आता कागदाची तारीख. जुन्या मोडी कागदांत सुहूर सन असतो आणि तो अरबी आकड्यांच्या नावांनी लिहितात. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मी वाचलं ‘इहिदे सितैन मया व अलफ’. म्हणजे सुहूर ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०-६१. शेजारी संवत्सराचं नाव होतं, ते मी ‘विक्रम’ वाचलं. शके १६८२, विक्रम नाम संवत्सर. जुळलं!

आणि १७६०-६१ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात काय येणार? १४ जानेवारी १७६१. पानिपत. त्या साली स्वारीत कामास आलेला माणूस आणखी कुठे जाणार? माझ्या अंगावर काटा आला. आणि अंगावर काटा आला की मित्रांनो, तिथेच थांबून पुन्हा वाचायचं असतं. मी थांबले नाही. कारण मला घाई होती.

घाई कशाची, तर नियमाची. पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी निदान एक शोधनिबंध प्रकाशित झालेला असलाच पाहिजे, असा यूजीसीचा नियम २००९ पासून होता. २०१६ च्या नियमावलीने तो कायम ठेवला आणि वर परिषदांमध्ये दोन निबंध वाचण्याची अट घातली. २०१७ च्या जानेवारीत यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. माझा प्रबंध तयार होता. हातात पेपर नव्हता. मुदत जवळ आली होती.

मग सगळे करतात तेच केलं. एका सहाध्यायाने नाव सुचवलं. यादीत होतं. नावात ‘आंतरराष्ट्रीय’ होतं. एकाच अंकात साहित्य, अभियांत्रिकी, आयुर्वेद आणि गृहविज्ञान. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी लेख इंग्रजीत लिहिला, कारण आंतरराष्ट्रीय. सोमवारी पाठवला. बुधवारी ‘डिअर सर’ अशी सुरुवात असलेली मेल आली: तज्ज्ञांनी तपासून आपला लेख स्वीकारला आहे, साडेतीन हजार रुपये भरावेत. दोन दिवसांत कोणत्या तज्ज्ञाने मोडीतली तारीख तपासली असेल? मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. पैसे भरले.

याच्यात अजून एक पात्र आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं, “माझंही नाव टाका त्यावर. तुमचं काम सोपं होईल.” त्यांना बढतीसाठी गुण हवे होते, मला प्रबंध जमा करायला छापील पान. मी नाव टाकलं. पुढे २०१८ ची नियमावली आली. त्यातला हिशोब असा: भाषा आणि मानव्यविद्यांमध्ये एका शोधनिबंधाला १० गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के. म्हणजे मी एकटी असते तर दहा. आता मला सात, त्यांना सात. दहाचे चौदा झाले! आणि त्यांनी तो लेख वाचलाही नव्हता.

आता तो महजर आठवा. अक्षरओळख नसलेल्या माणसाने निवाडा ऐकल्याशिवाय आरी उमटवली नसेल. आणि इथे, पदव्या असलेल्या आम्ही दोघांनी काय केलं?

याच तक्त्यात आणखी काही आकडे आहेत, ते तुम्ही माहीत करून घ्याच. राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या अख्ख्या पुस्तकाला १० गुण. म्हणजे पाच-सात वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक आणि दोन दिवसांत स्वीकारलेला पेपर, दोन्ही सारखेच. आंतरराष्ट्रीय प्रकाशक असेल तर १२. अख्खं पुस्तक भाषांतरित केलं तर ८. मराठीतल्या दिवाळी अंकात तुम्ही कितीही पक्का संशोधनपर लेख लिहा, त्याला या तक्त्यात रकानाच नाही.

मी नियम करणाऱ्यांना शिव्या द्यायला बसलेली नाही. मोजायला काहीतरी लागतं, नाहीतर ओळखीने नेमणुका होतात, हेही आपण पाहिलंय. पण जे मोजलं जातं तेच पिकतं. पेपर मोजले, पेपरांचं पीक आलं. त्याला खतपाणी घालणारी जर्नलंही उगवली.

ती किती होती याचा अंदाज २०१८ मध्ये आला. त्या वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात यूजीसीच्या यादीची चिरफाड करणारा एक अभ्यास छापून आला. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यादीत आलेल्या जर्नलांचा एक नमुना त्यांनी तपासला. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढून टाकली. माझं जर्नल त्यातच होतं. माझी पदवी मात्र तोवर झाली होती, आणि सहकाऱ्यांचे सात गुण त्यांच्या फायलीत जाऊन बसले होते.

पुढचंही थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला लोक जुनी माहिती देतात. त्यानंतर ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं कामकाज २०१९ पासून पुण्याच्या विद्यापीठातून चालायचं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादीही बंद केल्याचं जाहीर केलं. जर्नल चांगलं की वाईट हे आता तुमच्या संस्थेने आणि तुम्ही ठरवायचं. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो विभागात जाऊन लेखी बघा. कुणी ‘केअर लिस्टेड’ म्हणून आज पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

तर, माझा पेपर छापून आला. मी तात्यांना दिलेला शब्द पाळायला गेले. हौसेने पीडीएफ दाखवली. इंग्रजी. तात्यांनी चष्मा लावून पान खालीवर केलं आणि नातवाकडे फोन दिला. नातू बारावीत. त्याने दोन परिच्छेद भाषांतराच्या ॲपमध्ये टाकले. बाकी फारसं कळलं नाही, पण एक शब्द कुठल्याही ॲपशिवाय वाचता येत होता. पानिपत. मीही तोंडी तेच सांगितलं. त्या दिवशी घरात पेढे वाटले.

विहिरीसाठी भांडलेल्या बाईबद्दल मी दोन वाक्यं बोलले असेन. माझ्या पेपरातही ती दोनच वाक्यांत होती. लेखाचा विषय ‘पानिपतचे ग्रामीण समाजावरील परिणाम’ असल्यावर बाईला किती जागा देणार?

मग जत्रा आली, फ्लेक्स आला.

२०२१ मध्ये एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागितला गेला. गुण शून्य, मानधन जेमतेम. पण मराठीत लिहायचं होतं, आणि मला वाटलं, तात्यांना वाचता येईल असं काहीतरी एकदा तरी लिहावं. तोच महजर घेतला. लेख पाठवला. आठ दिवसांनी संपादकांचा फोन. वयस्कर गृहस्थ, स्वतः मोडी वाचणारे.

“बाई, लेख चांगलाय. त्या तारखेच्या ओळीचा फोटो पाठवता का जरा?”

पाठवला. तासाभराने परत फोन.

“तुम्ही सितैन वाचलंत. मला ते सबैन वाटतंय. घडीवर शाई उडालीये, पण मधलं अक्षर बघा. आणि विक्रम म्हणताय, ते विकृती तर नाही?”

मी लॅपटॉपवर फोटो मोठा केला. आणि पोटात गोळा आला.

सितैनच्या जागी सबैन धरलं तर सुहूर ११७१ येतो, म्हणजे इसवी सन १७७०-७१. त्या वर्षी शके १६९२ आणि संवत्सराचं नाव विकृती. विक्रम आणि विकृती. मोडीत लेखणी न उचलता घाईने लिहिलेली अक्षरं, वर कागदाची घडी. दोन्ही शब्द मी मला हवे तसे वाचले होते. एका चुकीने दुसरीला टेकू दिला आणि मी त्याला ‘जुळलं’ म्हटलं. मग तिथी आणि वार जंत्रीत बघितले, जे मी आधीच करायला हवं होतं. १७६०-६१ ला जुळत नव्हते. १७७०-७१ ला जुळले.

दहा वर्षांची चूक. महजर पानिपतानंतर दहा वर्षांनी झालाय. मग तो माणूस कुठे मेला? त्या वर्षांत मराठी फौजा हैदरअलीविरुद्ध कर्नाटकात लढत होत्या. तिकडे गेला असेल का? असू शकेल. दहा वर्षांपूर्वी पानिपतावरच मेला आणि तंटा उशिरा उभा राहिला, असंही कुणी म्हणेल. पण कागद फक्त ‘स्वारीत कामास आला’ एवढंच म्हणतो. पानिपत हा शब्द त्यात कुठेही नाही. तो माझा होता.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. एकीकडे ‘आंतरराष्ट्रीय, तज्ज्ञपरीक्षित’ जर्नल. साडेतीन हजार रुपये, दोन दिवस, एकही प्रश्न नाही. दुसरीकडे दिवाळी अंक, ज्याला तक्त्यात रकाना नाही. तिथे एका माणसाने फोटो मागवला, भिंग लावलं आणि विचारलं, ‘बाई, हे सबैन तर नाही?’ त्या दिवशी मला कळलं की छापणं म्हणजे काय. ‘हे चुकलंय’ असं जिथे कुणीतरी आपल्याला म्हणू शकतं, म्हणण्याइतकं ज्याला येतं, अशा माणसापुढे आपला कागद ठेवणं. बाकी सगळी छपाई.

ही काही नवी गोष्ट नाही आपल्याकडे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो पानिपताच्या आधीच्या दशकातल्या आणि त्या काळातल्याच पत्रांचा. पुढे असे २२ खंड झाले. लोकांच्या घरचे रुमाल त्यांनी मराठीत, मूळ कागदासकट लोकांपुढे ठेवले. म्हणजे राजवाड्यांचा निष्कर्ष पटला नाही तर कुणीही तोच कागद वाचून त्यांच्याशी भांडू शकत होतं, आणि लोक भांडलेही. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तेही अभ्यासकांना एकत्र बसून टिपणं वाचता यावीत, त्यावर बोलता यावं म्हणून. मला माझ्या चुकीनंतर त्याचं मोल कळलं.

असो. लेख दुरुस्त केला. पण जुन्या पेपरचं काय? जर्नलला मेल केली, परत आली. संकेतस्थळ उघडलं, तर त्या पत्त्यावर आता ऑनलाइन रमीची जाहिरात येते. म्हणजे माझा पेपर जगातून गेला होता, तरी त्यातली चूक जिवंत होती. एकदा सहज शोधगंगावर, जिथे देशभरातले पीएचडीचे प्रबंध ठेवलेले असतात, तिथे शोधत होते. एका प्रबंधात माझ्या त्या पेपरचा आधार सापडला. ‘पानिपतानंतर विधवांचे मालमत्तेचे तंटे वाढल्याचे दिसते.’ एका कागदावरून, तोही चुकीचा वाचलेला. मी त्या संशोधकाला पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं. प्रबंध आहे तसाच आहे.

आणि राहिले तात्या.

दिवाळी अंक घेऊन गेले. आधी मनात होतं, कुरिअर करावा, आत एक चिठ्ठी टाकावी. पण ‘सांगायला कुणी परत आलं नाही’ हे वाक्य डोक्यात होतं. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सितैन, सबैन, घडी, जंत्री. नातू तेव्हा कॉलेज संपवून घरी होता. तो उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला.

“मॅडम, आता गावात काय सांगू मी? चार वर्षं झाली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पण सत्कार झालाय आमचा.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, “माझं नाव सांग. मॅडम चुकल्या म्हण.” तो काही बोलला नाही.

तात्या अंक वाचत होते. मोठ्याने, बोट फिरवत. बाईच्या म्हणण्यापाशी आले. गोतसभेपुढे ती काय बोलली ते मी यावेळी पूर्ण दिलं होतं, तिच्या नावासकट. नाव त्यांच्या घरचं आहे म्हणून इथे घेत नाही. तात्यांनी ते नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले,

“पानिपताला गेल्यालं सांगणारे लई हायेत तालुक्यात. पण आमचं चार दिवस अजून चारच दिवस हायेत की.”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. विहीर अजून आहे. मोट जाऊन मोटर आली. सातबाऱ्यावर निम्मा हिस्सा आहे, आणि आठ दिवसांतले चार दिवस पाणी अजूनही त्यांच्या घराचं. का, हे मात्र घरात कुणाला माहीत नव्हतं. सव्वादोनशेच्या वर वर्षं एका बाईने मिळवलेलं पाणी ते पीत होते. मी तिला दोन वाक्यांत गुंडाळून त्यांना एक पानिपत दिलं होतं.

पुढच्या वर्षी तो फ्लेक्स लागला नाही. नातवाच्या स्टेटसवर अजून कधीमधी पानिपत येतं. मी काही म्हणत नाही. छापलेलं मागे घेता येतं, पसरलेलं येत नाही.

आता, तुमचा प्रश्न: ‘पेपर कुठे छापू?’ माझ्याकडे आहे ते सांगते.

पहिलं, जर्नल निवडताना त्याचा जुना अंक उघडा आणि तुमच्या विषयातले दोन लेख पूर्ण वाचा. ते वाचवत नसतील तर तुमचा लेख तिथे कोण वाचणार? संपादक मंडळातल्या एखाद्याला मेल करा: ‘आपण या जर्नलवर आहात ना?’ काहींना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. आयएसएसएन क्रमांक बघून भुलू नका. तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा आहे. गाडी कुणाची ते कळतं, चालवणारा कसा आहे ते कळत नाही. आणि दोन दिवसांत ‘स्वीकारला’ आलं तर आनंद मानू नका, घाबरा.

दुसरं, लेख पाठवायच्या आधी तुमच्या विषयातल्या एका खडूस माणसाला वाचायला द्या. मित्राला नको, तो ‘भारी’ म्हणतो. आजकाल फोनमधली एआयची साधनं तुम्हाला गुळगुळीत लेख लिहून देतील, संदर्भही रचून देतील. पण तुमच्याच हातात चुकीचं वाचलेलं ‘सितैन’ असेल, तर ती साधनं त्यावरच सुंदर परिच्छेद बांधतील. घडीवरची उडालेली शाई माणसालाच बघावी लागते.

तिसरं, मराठीतही लिहा, आणि सापडेल असं लिहा. ही तांत्रिक गोष्ट आहे, पण फार महत्त्वाची. आपल्याकडचे कितीतरी चांगले लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेले आहेत. पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, कॉपी केली की इंग्रजी अक्षरांचा कचरा बाहेर येतो. म्हणजे शोधून ती सापडणारच नाही. माझा दिवाळी अंकातला लेखही असाच अडकला होता. मी संपादकांची परवानगी घेतली, तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, महजराचा फोटो आणि अक्षरशः लिप्यंतर जोडलं आणि झेनोडोवर ठेवला. ते फुकट आहे, कायमचा डीओआय क्रमांक मिळतो, आणि दुरुस्ती केली की नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी दिसते. फोटो ठेवण्याआधी तात्यांना विचारलं, हेही सांगते. कागद त्यांचा आहे.

केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना ऐकली असेल. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० ई-जर्नलं. तुमची संस्था त्यात असेल तर ती जरूर वाचा, चांगली सोय आहे. पण त्या ३० प्रकाशकांत आपली मराठी त्रैमासिकं येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. आता निदान आपलं स्वतःचं लिहिलेलं तरी शोधल्यावर सापडेल, एवढं करूया.

आणि चौथं, नाव. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव टाकू नका. मला ठाऊक आहे हे बोलायला सोपं आहे. समोरचा माणूस तुमच्या पुढच्या वर्षीच्या तासिका ठरवणारा असतो. मला तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं नाही, म्हणून तुम्हाला उपदेश करत नाही. एवढंच सांगते की नाही म्हणणं जमलं नाही तरी ते चूक आहे हे विसरू नका, आणि उद्या तुम्ही त्या खुर्चीत बसलात तर कुणाकडे असं नाव मागू नका.

मी आता कायम नोकरीत आहे. माझ्या फायलीत तो जुना पेपर अजून आहे. मी त्याच्यापुढे पेनाने लिहून ठेवलंय: ‘तारीख चुकीची. दुरुस्त लेख पाहा.’ गुणांचा हिशोब करणाऱ्या समितीतल्या एकाने विचारलं होतं, “हे कशाला लिहिलंत? कुणाला कळलं असतं?”

तात्यांना कळलं असतं, असं मी म्हणाले. त्यांना तात्या कोण ते माहीत नव्हतं.

या भागात माझं काही चुकलं असेल तर जरूर लिहा. तारखा तर नक्की तपासा. पुन्हा भेटूच.